पाटीभर शेण, एक ठिणगी

मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची वेल्डिंगची टपरी आहे. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचंच छप्पर, पुढे नांगराचे फाळ, तुटलेल्या खाटा आणि मोटरसायकलींचे मोडके स्टँड. एका कोपऱ्यात विजेवर चालणारं मशीन, त्याच्या भाषेत ‘लाईटचं वेल्डिंग’. दुसऱ्या कोपऱ्यात गॅसवेल्डिंगच्या दोन टाक्या. काळी ऑक्सिजनची, तांबूस ॲसिटिलीनची. पूर्वी तो टाकीऐवजी कार्बाईडचे खडे पाण्यात टाकून गॅस करायचा. त्याचा तो लसणासारखा उग्र वास मला माझ्या लहानपणीच्या जत्रेत नेतो. कागलकडे खेळण्यांच्या गाड्यांवर कार्बाईडचेच दिवे असत.

मागच्या पावसाळ्याआधी खाटेचा पाय सांधून घ्यायला गेले होते. टाकी संपत आली होती आणि ती भरून आणायची म्हणजे घाट चढून नाशिक गाठायचं, म्हणून स्वारी वैतागलेली. म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला शाळेत शेणाचा गॅस शिकवला होता. त्या गॅसचा हा गॅस होत नाही का?”

मी 34 वर्षं विज्ञान शिकवलं. इतका सरळ प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला. मी म्हटलं, “होतो. आणि त्याला लागतं ते दुसरं सामान तुझ्या टपरीत आहे.” त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

शेणाच्या गॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन. एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन. ॲसिटिलीन म्हणजे दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन. मिथेनच्या दोन रेणूंतले सहा हायड्रोजन काढून टाकायचे आणि उरलेलं जुळवायचं, एवढंच काम. पण मिथेन हट्टी आहे. त्याच्या चारही बाजू सारख्या. कुठून धरावं असा कोनाच नाही. बरं, त्याच्यापासून जे काही करायला जावं ते त्याच्यापेक्षा नाजूक निघतं. मिथेन फुटेल इतकी आच दिली की तयार झालेली वस्तूही फुटते आणि शेवटी हाती काजळी लागते. निखाऱ्यावरचा नाचणीचा पापड ज्यांनी भाजला आहे त्यांना हे सांगायला नको. क्षणभर उशीर, की काळा.

तर युक्ती अशी, की आच प्रचंड द्यायची, पण क्षणाच्या हजाराव्या भागापुरती, आणि लगेच पाणी मारून थंड करायचं. अशी आच लाकडाला, कोळशाला जमत नाही. ती जमते त्या निळ्या-पांढऱ्या कमानीला, जिच्याकडे काळ्या काचेतूनच बघायचं असतं. वेल्डिंगच्या सळईच्या टोकाशी हवा इतकी तापते की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या अवस्थेला अर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1928 साली प्लाझ्मा असं नाव दिलं. नाव नवं, वस्तू जुनी. मोखाड्यावर जून महिन्यात जी कडाडते तीही तीच. आपल्या भाषेने आभाळातल्या आणि तारेतल्या दोघींना वीज हे एकच नाव ठेवलं, ते मला विज्ञानाच्या दृष्टीने फार योग्य वाटतं.

मिथेन आणि ठिणगी यांची गाठ जुनी आहे. 1776 साली इटलीत व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले, आणि पुढे त्या वायूत विजेची ठिणगी पाडून उडणारं एक पिस्तुल बनवलं. गॅसच्या शेगडीशी आपण जो टिकटिक लायटर धरतो तो त्याच पिस्तुलाचा नातू. पण त्यात हवा मिसळलेली असते, म्हणून वायू जळून जातो. हवा काढून घेतली तर जळणार नाही. मग काहीतरी दुसरं होईल. हे दुसरं काय, ते फ्रान्समध्ये बेर्तलोने शोधलं. त्याने 1862 मध्ये हायड्रोजनने भरलेल्या काचेच्या अंड्यात कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये कमान पेटवली आणि त्यातून ॲसिटिलीन काढून दाखवलं. त्यानंतर जवळजवळ 80 वर्षं हे प्रयोगशाळेतच राहिलं.

कारखाना उभा राहिला तो लढाईने. जर्मनीला रबर हवं होतं, रबराची झाडं मलायात. म्हणून मार्ल गावी ह्यूल्स नावाची रसायनांची वसाहत उभारली, कृत्रिम रबरासाठी, आणि 1940 पासून तिथे विजेच्या कमानीत मिथेनसारखे वायू सोडून ॲसिटिलीन काढू लागले. कमान मीटरभर लांब. एकेका भट्टीला काही हजार किलोवॉट वीज. वायू तिच्यातून निमिषात जातो आणि पुढे पाण्याचा फवारा त्याला गाठतो. एक किलो ॲसिटिलीनला साधारण 10 ते 12 युनिट वीज. हा आकडा लक्षात ठेवा. तो मला पुढे लागणार आहे.

ही झाली ठिणगीची बाजू. शेणाची बाजू आपल्याकडची आहे आणि ती मुंबईत सुरू होते, तेही शेणापासून नाही.

माटुंग्याला, आजच्या वडाळ्याजवळ, 1890 मध्ये बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडलं. पालिका आयुक्त ॲकवर्थ यांनी ते उभं करायला पुढाकार घेतला. आज त्यांच्याच नावाचं रुग्णालय तिथे आहे. तिथला मैला बंद टाक्यांमध्ये कुजवून, त्यातून निघणारा वायू साठवून, 1897 च्या सुमाराला त्यावर इंजिन चालवलं गेलं. जगातल्या अगदी पहिल्या अशा प्रयोगांपैकी हा एक. गंमत म्हणजे बायोगॅसच्या कितीतरी पुस्तकांत याचं साल 1859 दिलेलं सापडतं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला. जी इमारतच 1890 ची, तिच्या संडासातून 31 वर्षं आधी गॅस कसा निघेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. शाळेत मी हे उदाहरण कॉपी करणाऱ्या मुलांना सांगत असे.

मला याहून जास्त वाटतं ते हे, की ज्यांना गावाने हाकलून दिलं त्यांच्या मैल्यावर मुंबईत इंजिन चाललं, आणि ज्या मैल्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं त्याच्याबद्दल पुढचं निम्मं शतकभर कुणी बोललं नाही. बोलले ते अप्पासाहेब पटवर्धन. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि सोनखत हाच आयुष्याचा विषय केला. त्यांच्याच वाटेने गेलेले देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर. सरकारी दवाखान्यात नोकरीला आलेल्या या डॉक्टरांनी संडासाला जोडलेला गॅस घरोघर पोचवायचा ध्यास घेतला. त्यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, ती मरणोत्तर.

शेणाचं शास्त्र मात्र सरकारी मार्गाने गेलं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी 1939 च्या सुमारास शेणातून गॅस काढून दाखवला. पन्नाशीच्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपीचा ‘ग्रामलक्ष्मी’ नमुना तयार केला, तो 1961–62 मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने उचलला. विहिरीसारखा गोल खड्डा, त्यावर उलटी घातलेली लोखंडी टोपी. गॅस भरला की टोपी वर चढते, वापरला की खाली बसते. आमच्या घरी, कागल तालुक्यात, 1979 साली अशी टोपी आली. आईने सकाळी उठून आधी टोपी किती वर आली ते बघायचं आणि मग चहाला किती पाणी ठेवायचं ते ठरवायचं. चार म्हशी, खुट्याला बांधलेल्या, वैरण जागेवर, पाणी नळाला. शेण गोठ्यातून थेट हौदात. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि वर बाहेर पडलेली मळी उसाला. मला वाटायचं, ज्यांच्याकडे गोबरगॅस नाही ते लोक आळशी असणार.

हे डोक्यात घेऊन मी 1986 साली मोखाड्याला आले.

मोखाडा म्हणजे तेव्हा ठाणे जिल्ह्याचं टोक. पालघर जिल्हा व्हायला अजून 28 वर्षं होती. इंग्रजांच्या काळात हा शहापूर तालुक्याचा पेटा होता. शेजारी जव्हार, मुकण्यांचं संस्थान, जे 1948 मध्ये विलीन झालं. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. नागली, वरई, खुरासणी, उतरणीला भात. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि होळीनंतर विहिरींचा तळ दिसायला लागतो. गुरं डांगी: काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तेलकट कातडीची, मुसळधार पावसातही न डगमगणारी. नांगराला चांगली, दुधाला बेताची. आमच्या म्हशीच्या मानाने मला ती अगदीच किरकोळ वाटली. माझं अज्ञान.

त्याच सुमाराला गोबरगॅसचा मोठा कार्यक्रम जोरात होता. राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प 1981–82 मध्ये सुरू झाला होता. 1984 पासून ‘दीनबंधू’ नावाचा विटांचा घुमट आला, ज्याला लोखंडी टोपी लागत नव्हती. अनुदान होतं, उद्दिष्ट होतं, आणि मार्चअखेर होता. मोखाडा तालुक्यातही घुमट बांधले गेले. मी रविवारी पाड्यांवर जाऊन बायकांना गॅसचे फायदे सांगत फिरायची. कुणी सांगितलं नव्हतं, हौसच होती. एका पाड्यावर एका वारली आजीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, ढोरं रानात शेण टाकतात. तर काय मी पाटी घेऊन मागं मागं फिरू?”

तिथे माझा गोबरगॅस थांबला.

दोन घनमीटरचं लहान सयंत्र, म्हणजे पाच-सहा माणसांचा स्वयंपाक. त्याला रोज 50 किलो ताजं शेण आणि तितकंच पाणी. जनावर खुट्याला असेल तर दिवसाला दहाएक किलो शेण हाती येतं. म्हणजे चार-पाच जनावरं बांधून वैरण घालायची. इथे वैरण कुठली? भाताचं काड छपराला आणि पावसाळ्यातल्या चार दिवसांना. डांगी गुरं सकाळी सुटतात, दिवसभर रानात चरतात, शेण रानात पडतं. सुगी झाल्यावर तर शेतंही मोकळी. रात्री गोठ्यात पडेल तेवढंच शेण घरचं.

आणि त्या घरच्या शेणावरही आधीचा हक्क होता: राबाचा.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भात किंवा नागलीचं रोप तयार करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐनाबिनाची छाटलेली डहाळी म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि वरून बारीक माती. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. भडका उडता कामा नये, सावकाश धुमसत जायला हवं. पहिल्या पावसाला त्या राखेत बी फेकतात. तण जळालेलं, माती तापून मोकळी झालेली, रोप जोमदार. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी मोखाड्याच्या उतारांवर हे धूर दिसतात आणि मुंबईहून आलेले पाहुणे हमखास म्हणतात, किती हो हे प्रदूषण.

इंग्रज वनखात्यालाही हा राब खुपत होता. 1878 च्या वनकायद्यानंतर कवळ तोडण्यावर बंधनं आली. ठाणे जिल्ह्यातून इतकी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्याच्यापुढचा मोठा विषय होता. अधिकाऱ्यांचं म्हणणं, हा रानटी अपव्यय. शेतकऱ्यांचं म्हणणं, राबाशिवाय भात नाही. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबावर रीतसर प्रयोग करून 1912 मध्ये ते प्रसिद्ध केले. माती तापण्यातच मोठा गुण आहे, असं त्यातून दिसलं. म्हणजे ज्याला खातं अपव्यय म्हणत होतं त्यात शास्त्र निघालं. यावर खात्याने कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

तर असं हे शेण. माझ्या हिशोबात ते वाया जात होतं. आजीच्या हिशोबात त्याचा कण न् कण नेमलेला होता, राबाला, सारवायला, खताला. मी तिच्याकडून स्वयंपाकासाठी शेण मागत होते आणि तिला स्वयंपाकासाठी रानातलं सरपण फुकट होतं. डोक्यावरून आणावं लागे, पाठ मोडे, धुराने डोळे जात. ते खरंच, आणि त्या दुःखाला मी आजही कमी लेखत नाही. पण मी जे देत होते ते तिच्या भाताच्या रोपातून कापून देत होते. माझ्या आईच्या गोठ्यासाठी झालेली योजना मी डांगी गुरांच्या गळ्यात बांधत होते.

मी शहाणी झाले असं म्हणाल, तर नाही. 1989 मध्ये मी जिथे शिकवत होते तिथल्या वसतिगृहात माझ्याच हट्टाने एक सयंत्र झालं. लोखंडी टोपीचं, मुलांच्या संडासाला जोडलेलं, जोडीला शेजारच्या दोन गोठ्यांचं शेण. पहिल्या पावसाळ्यात टोपी मानेपर्यंत वर आली. स्वयंपाकीणबाईंनी डाळ गॅसवर शिजवली, त्या दिवशी सगळ्या मुलांना गूळ वाटला. डिसेंबरच्या थंडीत गॅस निम्म्यावर आला. जंतूंनाही थंडी वाजते, हे मी मुलांना समजावलं. फेब्रुवारीत विहीर उतरली. शेण कालवायला 50 लिटर पाणी, संडासाला वेगळं. मार्चमध्ये मुली पाऊण कोसावरून हंडे आणायला लागल्या, आणि एका सकाळी मी पाहिलं की त्या आणलेल्या हंड्यांपैकी दोन हंडे शेणाच्या हौदात ओतले जात आहेत. सयंत्र मी बंद करायला सांगितलं. पावसाळ्यात सुरू, शिवरात्रीला बंद, असं ते तीन-चार वर्षं चाललं. मग टोपी गंजली.

ही चूक माझी. मी शेण मोजलं, माणसं मोजली, पाणी मोजलं नाही.

पाणी नव्हतं असं कसं म्हणावं? वैतरणा इथूनच वाहते. मुंबईने तिच्यावर पहिलं धरण बांधलं ते मोडकसागर, 1957 साली. वर इगतपुरीकडे अप्पर वैतरणा 1973 मध्ये झालं. त्या पाण्यावर 60 मेगावॉटचं वीजकेंद्रही चालतं. मधली जागा राहिली होती, ती मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणाने 2014 मध्ये भरली. 102 मीटर उंच, मुंबईला रोज 45 कोटी 50 लाख लिटर. आणि मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. माटुंग्याच्या त्या टाक्या कशा चालल्या याचं उत्तर यातच आहे: मुंबईत फ्लश करायला पाणी कमी पडत नाही.

मिथेन मोखाड्यात आला, पण माझ्या घुमटातून आला नाही. तो गोणीतून आला.

1974 मध्ये मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं. तेलाबरोबर वायू, म्हणजे बहुतांशी मिथेनच. तो उरणला किनाऱ्याला लागला, आणि ट्रॉम्बेच्या व 1985 मध्ये सुरू झालेल्या थळच्या खत कारखान्यांना मिळाला. तिथे मिथेनची मोडतोड ठिणगीने करत नाहीत. वाफेबरोबर, निकेलच्या साक्षीने, 800 अंशांच्या आसपास तापवून त्यातला हायड्रोजन काढतात. हवेतल्या नायट्रोजनशी जोडून त्याचा अमोनिया, अमोनियाचा युरिया. राष्ट्रीय केमिकल्सच्या त्या युरियाचं नाव ‘उज्ज्वला’. ती गोणी एस.टी.च्या टपावरून मोखाड्याला यायची. आजी राब भाजतच राहिली, पण लावणीनंतर मूठभर युरिया फेकू लागली, आणि रिकाम्या गोणीचा पावसाळ्यात घोंगता करू लागली. 2016 मध्ये दुसरी उज्ज्वला आली, सिलिंडरची. त्या टाकीत मिथेन नसतो, प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, पण नावाच्या या योगायोगाची मला मौज वाटते. चुलीजवळ टाकी आली. पहिली भरून आलेली. दुसरी भरायचे पैसे जमतील तेव्हा. म्हणून पाड्यांवर आजही टाकी पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या भाकरीला असं चित्र दिसतं.

जगात इतरत्र ठिणगीचा धंदा कुठे चालला ते पाहिलं की दिसतं, जिथे लागणारं सामान पडून आहे तिथेच तो चालतो. नॉर्वेत 1905 मध्ये नोटोडेन गावी विजेच्या कमानीतून हवाच फुंकून खत करायला लागले. का, तर धबधब्यांची वीज पडून होती. स्वस्त पर्याय आल्यावर तो कारखानाही त्या पद्धतीला धरून बसला नाही. आज अमेरिकेत नेब्रास्कामध्ये प्लाझ्माच्या आचेने मिथेनची काजळी करतात, टायरला लागते ती, आणि हायड्रोजन सुटा मिळतो. म्हणजे ह्यूल्सवाले जी काजळी टाळायला धडपडत होते, तीच आता माल झाली. शेणाच्या गॅसला तर संशोधक खास लक्ष देतात. त्यात मिथेनच्या जोडीला कर्बवायू आयताच असतो. दोन सुऱ्यांसारख्या पट्ट्यांमध्ये कमान पेटवली की ती खालच्या अरुंद फटीतून वर घसरत जाते, तुटते, पुन्हा खाली जन्मते. तिच्यातून हे दोन वायू सोडले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात, आणि त्या दोघांपासून मिथेनॉलसारखं द्रव इंधन करता येतं. टाकीत दाबून भरायच्या वायूऐवजी कॅनमध्ये नेता येईल असं काहीतरी. वाचताना माझ्यातली 1986 ची बाई पुन्हा जागी होते. मग मी तिला खाली बसवते.

तर टपरीतला हिशोब. विद्यार्थ्याने बिलाच्या मागची बाजू पुढे केली आणि मी मांडत गेले. 50 किलो शेणाचा दोन घनमीटर गॅस. त्यात मिथेन निम्म्याहून थोडा जास्त, वजनाने पाऊण किलो. सगळं जुळून आलं, अजिबात काजळी झाली नाही, तरी ॲसिटिलीन सहाशेएक ग्रॅम; व्यवहारात अर्धा किलो म्हटलं तरी डोक्यावरून पाणी. त्याला पाच-सहा युनिट वीज. तुझी टाकी सहा-सात किलोची. म्हणजे पाच गुरांचं दोन आठवड्यांचं शेण.

त्याने कागद बराच वेळ बघितला. “म्हणजे बाई, माझी टाकी भरेपर्यंत एका घरात पंधरा दिवस चूल.”

“आणि राबाला शेण नाही,” मी म्हटलं.

“आणि लाईट गेली की कमान गेली.” त्याने वर बल्बकडे पाहिलं. पावसाळ्यात मोखाड्याला तारेतली वीज जाते ती आभाळातली आली की. त्याने खाटेचा पाय सांधला, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने टाकी घेऊन नाशिकला गेला.

डॉक्टर आनंद कर्व्यांच्या पुण्यातल्या संस्थेने शेणाऐवजी खरकटं आणि पिठूळ पदार्थ घालून लहान सयंत्रं चालवली, त्यासाठी 2006 मध्ये त्यांना ॲशडेन पारितोषिक मिळालं. दोन किलो खरकट्यात 40 किलो शेणाचं काम होतं, असा त्यांचा दावा. शहरासाठी उत्तम. पाड्यावरच्या घरात दोन किलो अन्न उरतं कुठे? जव्हार-मोखाड्यातल्या ज्या वावर-वांगणीचं नाव 1992–93 मध्ये बालकांच्या कुपोषणाच्या मृत्यूंमुळे देशभर गेलं, तिथे उरलेल्या भाताचं सयंत्र सुचवायची माझी छाती नाही.

आता त्या वसतिगृहातल्या टोपीचं. ती 2003 मध्ये काढली. कापायला याच विद्यार्थ्याला बोलावलं होतं, तेव्हा तो नुकता धंद्यात पडला होता. त्याने आधी टोपी पाण्यात बुडवून काठोकाठ भरली, रिकामी केली, पुन्हा भरली, आत मिथेन राहू नये म्हणून. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. मग ॲसिटिलीनच्या ज्योतीने तिचे चार तुकडे केले. त्यातला एक तुकडा खाली राहिलेल्या विटांच्या खड्ड्याला झाकण म्हणून बसवला. आतून सिमेंट मारून घेतलेल्या त्या खड्ड्यात कौलांवरून येणारं पावसाचं पाणी उतरवलं आहे. ते मार्चअखेरपर्यंत पुरतं.